मिटवून टाका म्हणणं म्हणजे मेडिएशन नाही

मागं उभे आहेत ते पण पुढं या, जागा आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा, पार देगलूरहून पण ज्युनियर वकील मंडळी आलीत हे बघून बरं वाटलं, कारण आज मला जे बोलायचंय ते तुमच्यासाठीच आहे. जजसाहेबांनी केस मेडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर बसून दोघांनी आपसात तोडगा काढायला, पाठवली की बाहेर व्हरांड्यात वकील क्लायंटला काय सांगतो ते तुम्ही रोज ऐकता. "जाऊन बसा तिथं, सही करा, काही होत नसतंय, पुढच्या तारखेला परत इथंच यायचंय." आणि मग खरंच काही होत नाही. मी मेडिएटर म्हणून बसते तेव्हा फाईल आलेली असते, पक्षकार गावाकडून एसटीनं धक्के खात आलेले असतात, पण वकिलानं त्या दिवसासाठी दहा मिनिटं पण विचार केलेला नसतो. उलटतपासणीच्या आदल्या रात्री जागणारा माणूस मेडिएशनला नुसता हजेरी लावायला येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. आपल्याकडं गावात, घरात, पोलीस स्टेशनात, सगळीकडं एक वाक्य तयार असतंय, "मिटवून टाका की आता." हे वाक्य नेहमी कुणाला म्हणलं जातं ते बघा. ज्याच्या मागं चार माणसं आहेत त्याला कुणी म्हणत नाही. जी बाई एकटी आलीय, ज्याच्याकडं पुढची फी भरायला पैसे नाहीत, ज्याचा ताबा दुसऱ्यानं दाबलाय, त्याला म्हणतात. ते दडपण आहे आणि मेडिएशन त्याच्या बरोबर उलटं असायला पाहिजे, आणि ते तसं राहतं की नाही हे निम्मं आपल्या वकिलांच्या हातात आहे, एवढंच मला आज सांगायचंय.

कायदा पटकन सांगते, तुम्ही वाचलेलाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 हे 1999 च्या दुरुस्तीनं आलं आणि 1 जुलै 2002 पासून लागू झालं. त्यात न्यायालयीन समझोता आणि मेडिएशन यांच्या व्याख्या चक्क उलटसुलट छापल्या गेल्यात, ते सुप्रीम कोर्टानं 2010 च्या अॅफकॉन्स केसमधे सरळ केलं आणि कुठल्या केस पाठवायच्या, कुठल्या नाही ते पण सांगितलं. लवादाला पाठवायचं तर दोन्ही बाजूंची संमती लागते, मेडिएशनला नुसतं पाठवायला लागत नाही, पण तडजोड व्हायची तर दोघांचीही मर्जी पाहिजेच. लवाद निवाडा देतो, मेडिएटर काहीच देऊ शकत नाही. लोकअदालत 1987 च्या कायद्यातली, तिच्या अवॉर्डला डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची, ताकद आहे, अपील नाही, कोर्ट फी परत मिळते. पण तिथं सुद्धा जबरदस्तीनं आकडा ठरवता येत नाही, हे 2008 च्या जालोर सिंग निकालात स्पष्ट आहे. मग 2023 चा मेडिएशन कायदा, त्यात 120 दिवसांची मुदत आहे आणि दोघांची तयारी असली तर अजून 60. पण त्याची काहीच कलमं 9 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली, बाकीची टप्प्याटप्प्यानं लागू करायची तरतूद आहे, म्हणून कोर्टात उभं राहायच्या आधी आपलं कलम चालू आहे का ते बघत जा.

आता एक केस सांगते, गाव सांगणार नाही आणि तपशील पण बदललेत, कारण आतलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. दोन भाऊ, सामाईक विहीर, वडील गेलेले. धाकट्याचा दावा असा की थोरला विहिरीवर पाणी घेऊ देत नाही, मनाई हुकूम पाहिजे. थोरल्याची कैफियत अशी की विहिरीत याचा हिस्साच नाही, वडिलांनी माझ्या पैशानं खोदली. सातबाऱ्यावर इतर हक्कात दोघांची नावं. तुमच्यातला कुणीही सांगेल की कोर्ट शेवटी काय करणार, अर्धा हिस्सा जाहीर करणार, आणि हे प्रकरण आधी एकदा गावात बसून मिटलेलं पण होतं, एक दिवस याचा एक दिवस त्याचा. मग परत भांडण का? तर शेतीची लाईट आठवड्यात काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री, आणि एकाआड एक दिवसाची पाळी त्या वेळापत्रकावर अशी बसली की धाकट्याच्या वाट्याला रात्रच जास्त यायची. रात्री एक वाजता, थंडीत, चिखलात, साप-इचवाच्या रानात बारे मोडायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, तो आणि त्याची बायको. हे दाव्यात एका ओळीत पण नव्हतं. वकिलानं विचारलंच नव्हतं, कारण दावा लिहायला हिस्सा आणि अडथळा एवढंच लागतं.

थोरल्याला वेगळं बसवून विचारलं तेव्हा त्याचं दुखणं दुसरंच निघालं. मोटार जळली की रिवायंडिंगचे पैसे तोच भरायचा, स्टार्टर त्याचा, केबल त्याची, आणि दर डिसेंबरात विहिरीतला गाळ काढायला धाकटा कधी येत नव्हता. "हिस्सा मागतोय तर खर्चाला कुठं असतोय हा?" असं तो म्हणायलाला, आणि त्याचंही खरं होतं. मग शेवटी काय लिहिलं ऐका. पाळी दिवसावर नाही तर लाईटच्या आठवड्यावर, वेळापत्रक बदललं की पाळी आपोआप उलटी होणार. मोटारीचा खर्च निम्मा निम्मा, पावती दाखवून पंधरा दिवसांत. गाळ काढायला माणूस नाही आला तर मजुराचा पैसा द्यायचा. उद्या दोघांपैकी कुणी बोअर घेतला तर विहिरीतला हक्क जात नाही. आणि पाणी पहिल्या परसाच्या, म्हणजे पुरुषभर खोलीच्या, खाली गेलं की ऊस नाही, आधी ज्वारी-हरभऱ्याला, हे कलम त्या दोघांनीच सुचवलं, मला काय माहीत परस किती खाली गेल्यावर काय होतं. अशी डिक्री जगातलं कुठलंच कोर्ट स्वतःहून लिहू शकत नाही, कारण कोर्टापुढं लाईटचा मुद्दाच नसतो. तर क्लायंटला मेडिएशनला न्यायच्या आधी एवढं विचारत जा, की बाबा, उद्या तू ही केस जिंकलास, निकाल हातात आला, तर परवा सकाळी रानात नेमकं काय बदलेल? आणि नाही जिंकलास तर तुझ्या हातात काय राहतं? जिल्हा कोर्टात अपील, मग औरंगाबाद खंडपीठात दुसरं अपील, तोवर या विहिरीवर कोण पाणी भरणार? वाटणीचा दावा असेल तर डिक्रीनंतर सुद्धा दिवाणी संहितेच्या कलम 54 खाली कलेक्टरकडं फाईल, मग तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी, हे सगळं क्लायंटला आधी सांगा, घाबरवायला नाही, हिशोब करता यावा म्हणून.

गावच्या बैठकीबद्दल बोललं पाहिजे. मी तिच्या विरोधात नाही. 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी समित्यांनी बांधाचे, रस्त्याचे, उकिरड्याच्या जागेचे तंटे खरंच संपवले, आणि तालुक्याला खेटे घालायचे वाचले. 2023 च्या कायद्यात पण सामुदायिक मेडिएशन आहे, तीन मेडिएटरांचं पॅनल, फक्त त्यातली तडजोड डिक्रीसारखी बजावता येत नाही हे लक्षात ठेवा. पण बैठकीत कोण बोलतं आणि कोण पारावर मागं उभं राहतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाचा रस्ता अडवला असेल आणि अडवणाराच बैठकीत मधोमध बसला असेल तर ते मिटणं कुणाच्या बाजूनं होणार? आणि जात पंचायत दंड ठोकते, वाळीत टाकते, ती तर यात बसतच नाही, तो 2016 च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, तिथं मध्यस्थी करायला जाऊ नका, फिर्याद लिहा.

आता बहिणींचा हिस्सा. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 9 सप्टेंबर 2005 ला मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला, 2020 च्या विनीता शर्मा निकालानं वडील तेव्हा जिवंत होते की नाही हा वाद पण संपवला. कायदा एवढा स्वच्छ आहे. आणि मेडिएशनच्या खोलीत काय होतं? भाऊ समोर बसलेले, भावजया बाहेर, आणि बहीण पहिलं वाक्य म्हणते, "मला काय नको मॅडम, माझं माहेर तेवढं राहू द्या." लगेच सगळ्यांचे चेहरे खुलतात, वकील पेन काढतो, हक्कसोडीचा ड्राफ्ट बॅगेतच असतो. मी तिथं थांबवते. तिला वेगळं बसवते, चहा सांगते आणि विचारते की जमीन किती आहे, तुमचा हिस्सा किती येतो, बाजारात त्याची किंमत काय हे कुणी सांगितलंय का? बहुतेक वेळा नाही. तिचा वकील कोण आहे? भावानंच लावलेला. मग मी सांगते की आज सही करायची नाही, घरी जा, दुसऱ्या वकिलाला दाखवा, तालुका विधी सेवा समितीकडं मोफत वकील मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही.

एवढं सगळं कळल्यावर ती सोडते म्हणाली तर तिची मर्जी, मी कोण अडवणारी. पण कळल्यावर पुष्कळ जणी वेगळं बोलतात. एक बाई, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, तिला रानातला तुकडा नकोच होता, कसणार कोण, तिला गावठाणातल्या वाड्यातली मागची दोन खणं पाहिजे होती, वेगळं दार, वेगळं मीटर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला स्वतःचं नाव. भावांना ते रानापेक्षा स्वस्तच पडत होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळे एकर-गुंठ्यातच बोलत होते. तुम्ही भावाचे वकील असाल तरी सुद्धा हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण दडपून घेतलेली सही उद्या फसवणुकीच्या आरोपाखाली परत कोर्टात येते आणि मग तुमचा क्लायंट पुन्हा सगळं भोगतो.

घरातल्या मारहाणीच्या केसबद्दल थोडक्यात सांगते. के. श्रीनिवास राव निकालात 2013 ला सुप्रीम कोर्टानं 498अ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या, केसमधे योग्य वाटलं तर दोघांची तयारी असताना मेडिएशन करून बघा असं सांगितलंय, ते बरोबर आहे, पोटगी, स्त्रीधन, लेकरांची भेट यावर बोलणं होऊ शकतं. पण नवऱ्यासमोर बसल्यावर जिचे हात थरथरायला लागतात तिला त्याच टेबलावर बसवून "नांदायला जा" म्हणणं हे मेडिएशन नाही, आणि तिचा वकील म्हणून उठून ते थांबवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आत काय झालं ते मेडिएटर कोर्टाला कळवत नसतो, मोतीराम विरुद्ध अशोक कुमारमधे 2010 लाच सांगितलंय की जमलं नाही तर फक्त तेवढंच कळवायचं, त्यामुळं नाही म्हणलं तर जजसाहेब रागावतील ही भीती क्लायंटच्या डोक्यातून काढून टाका.

ड्राफ्टिंगमधे लोक मार खातात. पाठवलेल्या दाव्यात तडजोड झाली की दिवाणी संहितेच्या आदेश 23 नियम 3 खाली लेखी, पक्षकारांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं निवेदन, आणि नियम 3अ मुळं ती बेकायदेशीर आहे म्हणून नंतर वेगळा दावा लावता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ क्लायंटला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, लंबाणी असेल, उर्दू बोलणारा असेल तर तसं. दाव्यात नसलेला गट नंबर तडजोडीत घेतला तर नोंदणी आणि स्टँपचा प्रश्न येतो. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करायला असलेली बंदी, बघा, नाहीतर डिक्री होऊन पण फेरफार अडकतो. जुन्या जमिनी असतील तर 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढून ठेवा, आपल्याकडं निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. आणि माझी जमीन तुझ्या ताब्यात, तुझी माझ्या ताब्यात, बारा वर्षं झाली, असा प्रकार असेल तर 2023 पासूनची सलोखा योजना आहे, अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1000 आणि नोंदणी 1000 रुपये, एवढ्यात सातबारा सरळ होतो, हे किती वकील क्लायंटला सांगतात?

फीचं पण बोलते, कारण ते सगळ्यांच्या मनात आहे. केस मिटली तर पुढच्या तारखांची फी गेली, खरंय. मग मेडिएशनच्या तयारीची, बसण्याची आणि तडजोड लिहिण्याची फी वेगळी सांगा, आधीच सांगा, क्लायंट देतो. विहिरीवरून आलेला माणूस दोन वर्षांत मोकळा झाला की तोच पुढचं खरेदीखत तुमच्याकडं आणतो.

आता मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली, ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या चेकच्या केसचं काय. केज, धारूर, वडवणी, अहमदपूरकडच्या वकिलांना हे रोजचंच आहे. वाहतूक ठेकेदारानं मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, कोरे चेक सही करून घेतले, मुकादमानं ती कोयत्यांना, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांना, वाटली, टोळीतली काही जोडपी आलीच नाहीत, मग चेक न वटल्याची कलम 138 ची केस. ही केस त्याच कायद्याच्या कलम 147 नुसार मिटवता येते, आणि 2010 च्या दामोदर प्रभू निकालापासून नियमच आहे की जितकं उशिरा मिटवाल तितका जास्त खर्च भरा, म्हणून पहिल्या एक-दोन तारखांनाच बसा. आधी हिशोब मागा, खरी उचल किती, चेकवर आकडा किती, तोडणीतून किती फिटली, दोघांच्या डायऱ्या टेबलावर ठेवा. आणि हप्ते लिहिताना महिना बघा. टोळी दसरा-दिवाळीच्या मागंपुढं कारखान्यावर जाते आणि उन्हाळ्यात परत येते, मुकादमाच्या हातात पैसा हंगामात असतो. तुम्ही जुलै-ऑगस्टचा हप्ता लिहिलात तर तो चुकणारच आहे, सही करतानाच दोघांना माहीत असतं. जानेवारी आणि मार्च लिहा, पट्टी, म्हणजे कारखान्याचं बिल, निघाली की थेट खात्यावर, आणि कोरे राहिलेले चेक त्याच दिवशी मेडिएटरसमोर नंबर लिहून परत घ्या.