क्लास बघायला जाताना

नमस्कार श्रोतेहो.

पदवीचे निकाल लागले की पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड या भागात नवे चेहरे दिसायला लागतात. पाठीवर सॅक घेतलेला मुलगा नाहीतर मुलगी, बरोबर वडील किंवा मामा, आणि हातात स्पर्धा परीक्षांच्या चार-पाच क्लासेसची माहितीपत्रकं. परभणीहून, सांगोल्याहून, शिरपूरहून रातोरात प्रवास करून आलेली ही मंडळी संध्याकाळच्या आत क्लास ठरवणार, जमलं तर कॉट बेसिसवर खोली बघणार आणि रात्रीच्या गाडीनं परत फिरणार. यूपीएससीच्या बॅचची फी बऱ्याच ठिकाणी लाखाच्या पुढे, वर राहण्या-जेवणाचा खर्च, आणि त्याहून वर आयुष्यातली दोन-तीन वर्षं. एवढा मोठा व्यवहार आपण एका दुपारी उरकतो. फ्रीज घ्यायचा तरी याहून जास्त दुकानं पालथी घालतो.

म्हणून आज मी फक्त या भेटीबद्दल बोलणार आहे. क्लास लावावा की घरी अभ्यास करावा, हा वाद बाजूला ठेवू. जायचं ठरलंच असेल, तर तिथे काय बघायचं आणि काय मागायचं, एवढंच सांगतो.

आत पाऊल टाकलं की समोर फोटोंची भिंत येते. हसरे चेहरे, खाली रँक. पाहून बाहेर पडा, पुढच्या क्लासमध्ये जा, तर तिथेही तोच चेहरा, फक्त शर्ट वेगळा. यात दरवेळी कुणी खोटं बोलत असतं असं नाही. मुख्य परीक्षा पास झालेल्यांना अनेक क्लासेस मुलाखतीचं मार्गदर्शन फुकट देतात. उमेदवार चार ठिकाणी मॉक इंटरव्ह्यू देतो आणि निकालानंतर चार भिंतींवर झळकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा जाहिरातींबद्दल बऱ्याच क्लासेसना दंड केला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी नियमच केले: यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याची रँक कोणती, त्यानं कोणता कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की मोफत, हे सांगायला हवं. तेव्हा भिंतीपाशी उभं राहून एवढंच विचारा, "सर, यातले तुमच्या फाउंडेशन बॅचचे, म्हणजे पूर्ण कोर्स इथेच केलेले कोण?" उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही बघा.

मग तुम्हाला केबिनमध्ये बसवतात. समोर काउन्सेलर, बोलायला गोड. "सीट्स भरत आल्यात, उद्यापासून डिस्काउंट बंद." हे डिस्काउंट बारा महिने उद्यापासूनच बंद होत असतं! पुढे छापील नोट्सचा गठ्ठा, ॲप, रेकॉर्डेड लेक्चर्स असं सगळं टेबलावर मांडलं जातं. ते ऐकताना मनात एक हिशेब चालू ठेवा. अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. लेक्चर्सचा तर यूट्यूबवर पूर आलाय. मग विकत काय घ्यायचं? माझं मत सांगतो. आपण लिहिलेलं उत्तर जाणत्या माणसानं वाचून, तपासून हातात द्यावं, या एका गोष्टीसाठी पैसे मोजावेत. ती घरबसल्या सहज मिळत नाही.

यूपीएससीची पूर्वपरीक्षा चाळणी आहे, तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. यादी लागते ती २०२५ गुणांवर. त्यातले १७५० गुण लेखी मुख्य परीक्षेचे आणि २७५ मुलाखतीचे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत २० प्रश्न असतात, निम्मे १५० शब्दांचे, निम्मे २५० शब्दांचे. एका उत्तराला सरासरी ९ मिनिटं. त्यातच प्रश्न वाचायचा, आठवायचं, मांडायचं आणि लिहायचं. वाचन कितीही दांडगं असलं तरी ही सवय हाताला लिहूनच लागते, आणि चुकतंय कुठे ते दुसऱ्यानंच दाखवावं लागतं.

म्हणून केबिनमध्ये सांगा, "एखादी तपासलेली उत्तरपत्रिका दाखवता का? विद्यार्थ्याचं नाव झाकून चालेल." मी अशा दोन्ही प्रकारच्या उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत. एका प्रकारात प्रत्येक उत्तराखाली लाल टिक, बाजूला "गुड", "ॲड डायग्राम", आणि सगळ्या उत्तरांना साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान गुण. वीसच्या वीस उत्तरं एकाच बैठकीत, एकाच मापानं उरकलेली. दुसऱ्या प्रकारातली एक मला अजून आठवते. प्रश्न राज्यपालांच्या विवेकाधीन अधिकारांचं समीक्षण करा, असा होता. पोरानं राज्यघटनेच्या कलम १६३ पासून अधिकार ओळीनं मांडले होते, शेवटी राष्ट्रपती राजवटीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालाचा उल्लेख होता, अक्षरही सुरेख. तपासणाऱ्यानं प्रश्नातल्या "समीक्षण" या शब्दाभोवती गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं: "अधिकार सांगितलेत, समीक्षण कुठाय? पहिल्या पाच ओळींत प्रश्नच परत लिहिलाय. बोम्मई निकाल शेवटी एका ओळीत उरकलात, तो मध्यात हवा होता." अशा तीन वाक्यांसाठी पोरानं गाव सोडून यावं.

तपासतं कोण, हेही विचारा. बरेचदा मागच्या वर्षी मुख्य परीक्षा देऊन थोडक्यात राहिलेली मुलं हे काम करतात. माझी त्याला हरकत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये स्वतः घाम गाळलेला माणूस पुष्कळदा नामवंत प्राध्यापकापेक्षा बरं तपासतो. मात्र मुख्य परीक्षा कधीच न लिहिलेल्याच्या हाती वह्या पडत असतील, तर तिथून उठावं. उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळते तेही विचारून घ्या. महिन्याभरानं मिळाली तर आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर याची जास्तच चौकशी करावी. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते, पण प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीत छापलेली असते. क्लासमध्ये शिकवणं मिश्र भाषेत, नोट्स इंग्रजीत, आणि मराठी उत्तरं तपासायला कुणीच नाही, असं घडतं. "आमच्याकडे मराठी मीडियमपण आहे" एवढ्यावर भुलू नका. मराठीत तपासलेली वही हातात घेऊन बघा.

आणि हे आता नुसतं यूपीएससीपुरतं राहिलेलं नाही. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०१२ मध्ये वस्तुनिष्ठ झाली. गोल रंगवत तयारी केलेली एक अख्खी पिढी तिथे घडली. आयोगानं पुन्हा वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं, तेव्हा २०२३ मध्ये पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि बदल २०२५ च्या परीक्षेपर्यंत पुढे गेला. आता निबंध आहे, वैकल्पिक विषय आहे, पानंच्या पानं लिहिणं आहे. कालपर्यंत फक्त ऑब्जेक्टिव्ह शिकवणारे क्लासेस आज आन्सर रायटिंगचे बोर्ड लावून बसले आहेत. काहींनी खरंच माणसं जमवली आहेत, काहींनी नुसता बोर्ड बदललाय.

डेमो लेक्चर सगळीकडे चांगलंच असतं, ते त्यासाठीच बसवलेलं असतं. चालू बॅचमध्ये, शक्यतो मधल्याच एखाद्या दिवशी, शेवटच्या बाकावर बसू द्या म्हणावं. तिथून फळा दिसतो का, आवाज पोचतो का, आणि मुलं मोबाइलमध्ये किती आहेत, ते आपोआप कळतं.

अभ्यासिका दाखवायला नेतील तेव्हा एसी आणि वायफाय बघून होईलच, पण जिना बघा. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि तयारी करणारी तीन मुलं गेली. तळघरात अभ्यासिका असेल तर नको म्हणा. वरच्या मजल्यावर असेल तर बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते विचारा. काउन्सेलर हसला तर हसू द्या.

पैशाची ओढाताण असेल तर क्लासच्या आधी सरकारी केंद्रं बघा. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था, पुण्यात यशदाचं डॉ. आंबेडकर स्पर्धा परीक्षा केंद्र, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना. प्रवेशपरीक्षा असते, जागा मोजक्या असतात, आणि जाहिरात निघाली की तारीख चुकवून चालत नाही.

एक आकडा वडीलमंडळींसाठी. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. कोणताही क्लास हे गणित बदलू शकत नाही. "शंभर टक्के पोस्ट" म्हणणाऱ्याला हा आकडा वाचून दाखवा. आणि हो, प्रश्न मुलानं किंवा मुलीनं स्वतः विचारावेत, वडिलांनी शेजारी बसावं. उद्या वही तपासून घ्यायला त्याच केबिनमध्ये एकट्यानंच यायचं आहे.

राहिली फी. एकरकमी भरू नका, हप्ते मागा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, की पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच क्लास सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. फॉर्मवर मात्र बारीक अक्षरात "फी परत मिळणार नाही" असं छापलेलं असतं, आणि सही करून घ्यायची घाई असते. फॉर्म घरी न्या, वाचा, मग सही करा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

नमस्कार.