सॉफ्टबॉलच्या फास्ट पिचिंगसमोर आपल्या पोरी: वेळ आणायचा कुठनं?

(साताऱ्यात क्रीडाशिक्षक आणि पालकांसमोर झालेलं बोलणं, थोडी काटछाट करून)

सगळ्यांचं एकच म्हणणं असतं बघा, सर, जिल्ह्याला पोरगी मस्त मारते आणि विभागाला कोल्हापूरला गेली की तीन स्ट्राइक खाऊन, म्हणजे तीन बॉल हुकवून परत, मग आम्ही काय करतो, तिला सांगतो "बॅट जोरात फिरव गं". आता ती जोरात फिरवायला गेली की अंग आवळणार, खांदा आधीच उघडणार, डोकं वर जाणार आणि बॉल खालनं कॅचरच्या ग्लोव्हमध्ये.

जरा हिशोब करू. मुलींच्या गेममध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, ते होम प्लेट, म्हणजे बॅटरजवळची पाटी, हे अंतर ४३ फूट, पण पिचर उडी टाकून पाच-सहा फूट पुढे येऊन बॉल सोडते, म्हणजे उरले ३७ च्या आसपास. ताशी ७० किलोमीटरचा बॉल असला तर जेमतेम ०.५८ सेकंद, आणि ताशी ९६ चा असला तर ०.४२. त्यात नुसत्या स्विंगलाच ०.१५ ते ०.२० जातात. मग बॉल बघायचा कधी, मारायचा का सोडायचा ठरवायचं कधी? अमेरिकेची पिचर मोनिका ॲबट, तिनं २०१२ साली ताशी ७७ मैल, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटरनं पिच टाकलाय, तिच्यासमोर काय होत असेल विचार करा.

तर हात फास्ट करण्यात फार काही मिळत नाही, मिळतं ते तयारी लवकर सुरू करण्यात. पिचरचा हात गोल फिरून वर आला की बॅटरचं वजन मागच्या पायावर गेलेलं पाहिजे, आणि बॉल सुटला की पुढचा पाय हळूच जमिनीवर. आपल्या पोरी काय करतात, बॉल सुटलेला दिसल्यावर मग पाय उचलतात, तिथंच गेम संपला. पोरींना मी एवढंच सांगतो, प्रत्येक बॉल मारायचाच आहे असं धरून निघायचं आणि खराब दिसला तर थांबायचं. थांबणं सोपं असतं ओ, उशिरा निघणं महागात पडतं.

आता हे शिकवायचं कसं, कारण शाळेकडे पिचिंग मशीन नाही आणि तसा पिचर तर नाहीच. मशीन नाही म्हणून रडू नका, मशीनला हात नसतो, टायमिंग पकडायचं कशावर? तुम्ही स्वतः २२ फुटांवर नेटच्या आड स्टुलावर बसा आणि अंडरआर्म टाका. तिथनं ताशी ४० नं टाकलेला बॉल पोरीला जिल्ह्याच्या ७० वाल्या पिचरएवढाच वेळ देतो, आणि ५५ च्या आसपास गेलात तर ९६ वाल्या बॉलएवढा. वेग वाढवायची गरज नाही, अंतर कमी करा. फक्त हेल्मेट पाहिजेच, आणि सुरुवातीला टेनिस बॉल घ्या, सॉफ्टबॉल नावालाच सॉफ्ट आहे, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमचा दगड आहे तो. आणि एका दमात आठ-दहा बॉलच, नंतर पोरगी दमते आणि दमलेल्या अंगाला चुकीची सवय लागते.

एक बॉल मुद्दाम हळू टाका मधेच. नाहीतर पोरगी बॉल बघायचंच सोडते आणि नुसती अंदाजानं फिरवते, मग समोरच्यांनी चेंजअप, म्हणजे फसवा हळू बॉल, टाकला की गोल फिरून बसली खाली.

साताऱ्याच्या पोरींचं एक खास दुखणं आहे, सगळ्या गल्लीत भावाबरोबर क्रिकेट खेळून आलेल्या. बॉल टप्पा पडून येणार म्हणून हात खाली सोडून वाट बघतात, आणि बॅट लांबनं मोठा गोल काढून आणतात. हात छातीजवळ ठेवून स्विंग छोटा करायचा तर तारेच्या कुंपणापासून बॅटभर अंतरावर, कुंपणाकडे तोंड करून उभं करा, लांबनं बॅट आली की तारेला खणकन लागते, बोलायची गरजच पडत नाही. (हे जुन्या बॅटनं करा, नवी बॅट घेऊन कुणी केलं तर बिल मला पाठवू नका.)

बॉक्समध्ये, म्हणजे बॅटरच्या उभं राहायच्या चौकटीत, मागं सरकून उभं राहायचं का, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. राहा की, पण फूटभर मागं गेल्यानं ९६ च्या बॉलला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो, आणि ड्रॉप बॉल असला तर तो तिथवर येईपर्यंत पूर्ण खाली गेलेला असतो. त्यापेक्षा बॅट दोन बोटं वर पकडा, फायदा लगेच दिसतो.

आणि पालकांनो, बॅट. पोरगी वाढती आहे म्हणून एक साईज मोठी घ्यायची ही युनिफॉर्मची रीत इथं नको. एका हातात बॅट आडवी धरून हात सरळ पुढे करायला लावा, दहा-पंधरा सेकंदांत टोक खाली झुकायला लागलं तर ती बॅट जड आहे, दुकानातच परत ठेवा, मग ती कितीही भारी ब्रँडची असो आणि दहावीच्या ग्रेस मार्कांची कितीही घाई असो.