भुवई उचलण्याआधी: नेमकं खाली काय आलंय?

ब्रो लिफ्टचा, म्हणजे उतरलेली भुवई वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेचा, विषय निघाला की पहिला प्रश्न टाक्यांचा आणि व्रणाचा येतो. त्याकडे वळूच. पण त्याआधी ठरवायचं ते हे, की तुमचं नेमकं खाली काय आलंय: भुवई, वरच्या पापणीची सैल कातडी, की पापणीची कड? तिन्हींत डोळे दमलेले दिसतात, पण इलाज मात्र तिन्हींचे वेगळे.

बसल्या जागी करून बघा. डोळे मिटा, कपाळ अगदी सैल सोडा. थोडं थांबून, कपाळ न ताणता डोळे सावकाश उघडा. आता तर्जनीने भुवईजवळचं हाड चाचपा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची वरची कड. स्त्रियांची भुवई साधारणपणे या कडेच्या थोडी वर असते आणि बाहेरच्या बाजूला कमान घेते. पुरुषांची कडेवरच, बरीचशी सरळ. भुवईचे केस कडेच्या खाली लागले, तर भुवई उतरलेली आहे. भुवई जागेवर आहे पण कातडीची घडी पापणीच्या केसांवर टेकते, तर प्रश्न पापणीच्या कातडीचा. आणि पापणीची कडच बुबुळावर नेहमीपेक्षा जास्त उतरली असेल, तर बहुधा पापणी उचलणारा स्नायू कमजोर आहे. तिथे ब्रो लिफ्टचा उपयोग नाही. कित्येकांत यातल्या दोन गोष्टी एकत्र असतात.

कपाळ सैल सोडायला सांगितलं, त्यामागे कारण आहे. भुवई वर ओढणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे मात्र तीन-चार. डोळ्यांवर कातडी येऊ लागली की कपाळाचा स्नायू नकळत दिवसभर ताणलेला राहतो. कपाळावरच्या आडव्या आठ्या बऱ्याचदा त्यातूनच आलेल्या असतात. अशा वेळी फक्त पापणीची कातडी काढली, तर स्नायूची गरज संपते, तो सैल पडतो आणि भुवई आणखी उतरते. पापणीचं ऑपरेशन करूनही डोळे जडच दिसतात, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. एकच भुवई उंच दिसत असेल, तर त्याच बाजूची पापणी कमजोर नाही ना, हे आधी तपासून घ्या. कपाळावर बोटॉक्स (आठ्या घालवण्यासाठी स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घेतलं असेल तर त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि तोवर भुवईची खरी जागा कळत नाही. डॉक्टरांना ते सांगाच.

एक इशारा. भुवई किंवा पापणी काही तासांत वा एक-दोन दिवसांत अचानक उतरली, तोंडही वाकडं झालं, तर तो सौंदर्यशस्त्रक्रियेचा विषय नाही. तडक रुग्णालय गाठा. दिवस सरेल तशी पापणी जड होते, एकाचे दोन दिसतात, अशी लक्षणं असतील तर आधी मज्जातंतूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आता पद्धती. कपाळाचा स्नायू कानशिलापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे भुवईचा बाहेरचा भाग आधी उतरतो. आतला भाग जागेवर असेल तर कानशिलावर केसांत छेद घेऊन फक्त बाहेरचा भाग उचलला तरी पुरतं. संपूर्ण कपाळासाठी दुर्बिणीची पद्धत: केसांत सहसा तीन ते पाच छोटे छेद, प्रत्येकी एक-दोन सेंटीमीटरचे. यात कातडी कापून काढत नाहीत. कपाळ हाडापासून मोकळं करून वर सरकवतात आणि टाके, स्क्रू किंवा विरघळणाऱ्या पट्टीने धरून ठेवतात. यश मुख्यतः मोकळं करण्यावर ठरतं. खोबणीच्या कडेची घट्ट जोडणी नीट सुटली नाही, तर टाका कितीही भक्कम असो, भुवई परत खाली येते. त्यामुळे ‘कशाने बांधता?’ एवढंच विचारू नका, ‘कुठपर्यंत मोकळं करता?’ हेही विचारा.

जुनी मोठी पद्धत म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांतून जाणारा छेद. खोल आठ्या, जाड कपाळ यांत ती अजूनही प्रभावी ठरते. पण या पद्धतीत केसांची रेषा मागे जाते, आणि दुर्बिणीच्या पद्धतीतही थोडी सरकते. कपाळ मुळातच मोठं असेल तर छेद केसांच्या रेषेलगत घेतात, म्हणजे कपाळ उलट लहान होतं. व्रण मात्र तिथेच राहतो आणि केस मागे विंचरणाऱ्यांनी याचा विचार करावा. टक्कल पडत असेल, किंवा चेहऱ्याच्या लकव्याने एक भुवई उतरली असेल, तर थेट भुवईच्या वर छेद घेणं कधी कधी जास्त बरं. त्याने नेमकी उंची साधते, पण व्रण चेहऱ्यावर असतो.

दोन नसा लक्षात ठेवा. खोबणीच्या वरच्या कडेतून निघणारी नस कपाळाला आणि टाळूला संवेदना देते. तिला ताण बसला की बधिरपणा येतो, पुढे मुंग्या आणि खाज. मोठ्या छेदात तिच्या फांद्या कापल्या जातात, म्हणून छेदामागचा भाग बराच काळ, कधी कायमचा बधिर राहतो. बधिर कपाळाला भाजलेलं कळत नाही. हेअर ड्रायर गरम वापरू नका, बर्फ थेट लावू नका. दुसरी नस कानशिलावरून जाते आणि कपाळाचा स्नायू हलवते. ती दुखावली तर त्या बाजूची भुवई उचलत नाही. नस केवळ ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत हालचाल परत येते. कापली गेली तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

डोळे कोरडे पडतात का, लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया) झालंय का, पापणीचं ऑपरेशन आधी झालंय का, हे स्वतःहून सांगा. पापणीची कातडी आधीच काढलेली असताना भुवई जास्त उचलली, तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळाला इजा होते. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद हवं, नाहीतर छेदाजवळचे केस जातात, जखम भरत नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, ‘ई’ जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. रक्तदाब आटोक्यात हवा.

शस्त्रक्रिया साधारण एक-दोन तासांची, पूर्ण भूल देऊन किंवा गुंगी देऊन. नंतर डोकं उंचावर ठेवून झोपायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्यांवर उतरते, डोळे जवळजवळ मिटतात. हे अपेक्षित आहे. टाके किंवा पिना सहसा सात ते दहा दिवसांनी निघतात. वजनं उचलणं, खाली वाकणं, जोराचा व्यायाम तीन-चार आठवडे बंद. छेदाभोवतीचे केस गळू शकतात, आणि बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांत परत येतात.

काय अपेक्षित नाही? एकाच बाजूला वाढत जाणारी, ठणकणारी सूज म्हणजे आत रक्त साठत असण्याची शंका. त्याच दिवशी कळवा, रात्र असली तरी. नजर अंधुक झाली, डोळ्यात तीव्र वेदना झाली, तर एक तासही थांबू नका. ताप, पू, वाढती लाली असेल तर संसर्ग समजा.

पहिल्या काही आठवड्यांत भुवया थोड्या जास्तच वर दिसतात. सूज उतरेल तशा त्या खाली बसतात, म्हणून त्या काळातला आरसा बघून निकाल ठरवू नका. मात्र भुवईचा आतला भागच फार वर गेला आणि दोन भुवयांमधलं अंतर वाढलं, तर चेहरा कायम चकित दिसतो, आणि ते सुधारणं अवघड असतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांसोबत आरशासमोर बसा. भुवई कुठून किती मिलिमीटर उचलायची, आतून किती आणि बाहेरून किती, हे लिहून घ्या. दोन्ही भुवयांत आजही किती फरक आहे ते समोरून काढलेल्या फोटोत नोंदवा, कारण थोडा फरक जवळजवळ प्रत्येकात असतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो नव्याने नजरेत भरतो. दुरुस्तीचा विचार सहसा सहा महिन्यांनंतरच, सूज आणि नसा दोन्ही स्थिरावल्यावर.