वाळूत दहा, रस्त्यावर वीस: गोल्फ कार्टच्या टायरमधली हवा

(दृश्य: कोरडी, भुसभुशीत वाळू. उंच केलेली, जाड टायरांची गोल्फ कार्ट. मागचं चाक जागच्या जागी फिरतंय.)

पेडल दाबलं की चाक फिरतं, पण गाडी सरकत नाही. आणखी दाबलं की चाक आणखी खोल जातं. बॅटरी पूर्ण भरलेली आहे, मोटार ठणठणीत आहे, टायर नवे आहेत, त्यांची नक्षी बोटाचं पेर बुडेल इतकी खोल आहे. आणि गाडी आहे तिथंच आहे.

मग चालवणारा खाली उतरतो. चाकापुढची वाळू हातानं ओढून बाजूला करतो, व्हॉल्व्हचं टोपण काढतो, आतली बारीक पिन काडीनं दाबून धरतो. फुस्स आवाज येत राहतो. एक चाक, दुसरं, मग पुढची दोन. तो पुन्हा सीटवर बसतो आणि पेडलवर अगदी अलगद पाय ठेवतो. गाडी डुलते, आणि स्वतःच्याच खड्ड्यातून चालत बाहेर येते.

गाडीत काहीच नवं लावलं नाही. फक्त टायरमधल्या हवेचा दाब वीस पीएसआयवरून (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) दहावर आला.

(दृश्य: गाडी जॅकवर. चाकाला खडूची ओली पूड फासून ते पुठ्ठ्यावर टेकवलं जातं. पांढरा ठसा.)

टायर गाडीचं ओझं पेलतो ते मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. रबर त्या हवेला धरून ठेवतं. म्हणून हिशेब सोपा आहे. समजा, मागच्या एका चाकावर दोनशे किलो ओझं आहे. वीस पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १.४ किलो. दोनशे किलो पेलायला मग सुमारे १४० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. पसरलेल्या तळहाताएवढी. दाब दहावर आणला की तेवढंच ओझं पेलायला टायरला दुप्पट, म्हणजे सुमारे २८० चौरस सेंटिमीटर जमीन धरावी लागते. टायरच्या भिंतीही थोडं ओझं उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा थोडा कमी येतो. पण पुठ्ठ्यावरचे हे दोन ठसे शेजारी ठेवून पाहा. दुसरा ठसा रुंदीला फारसा वाढलेला नाही. वाढलाय तो लांबीला.

ही लांबी महत्त्वाची. आखूड ठशाचं चाक वाळूत खड्डा पाडतं आणि मग त्या खड्ड्यातून वर चढायला धडपडत राहतं. लांब ठशाचं चाक वाळूवर अंथरल्यासारखं चालतं. पक्क्या रस्त्यावर कमी हवेची गाडी जड चालते, हे आपण सायकलवरून शिकलेलो असतो. वाळूत नेमकं उलटं होतं. तिथं कमी हवेची गाडीच हलकी चालते, कारण मोटारीची ताकद वाळू नांगरण्यात वाया जात नाही.

ही युक्ती जुनी आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९३० च्या सुरुवातीला राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आपल्या सोबत्यांना घेऊन, साध्या फोर्ड मोटारींतून इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात शिरला. ज्या टेकड्या मोटारीला अशक्य समजल्या जात, त्या त्यांनी ओलांडल्या. त्यांच्याकडे फावडी होती, रुतलेल्या चाकाखाली सरकवायचे पत्रे होते, आणि टायरमधली हवा कमी करायची हेही त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ‘डक’ नावाचा, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा अमेरिकन ट्रक आला. त्याच्या चालकाला सीटवर बसूनच टायरमधली हवा कमी-जास्त करता येत असे. किनाऱ्याच्या वाळूत मऊ, रस्त्याला लागलं की टणक.

आणि चंद्रसुद्धा. फेब्रुवारी १९७१ मधल्या अपोलो १४ मोहिमेत ॲलन शेपर्डनं चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू टोलवले, ते अनेकांना आठवतं. त्याच मोहिमेत हातानं ओढायची एक दोनचाकी गाडी होती. तिचे टायर रबरी होते आणि त्यांत नायट्रोजन भरलेला होता. धुळीवरून जायचं तर मऊ चाक हवं, हे तिथंही लागू पडलं. मला ही जोडी फार आवडते: एकाच मोहिमेत गोल्फचा चेंडू आणि हवा भरलेलं चाक.

(दृश्य: टायरच्या भिंतीवर उठवलेली अक्षरं, बोट त्यांवरून फिरतंय.)

आता आपल्या गाडीकडे. बहुतेक जण पहिल्यांदा टायरच्या भिंतीवरचा आकडा वाचतात आणि तेवढी हवा भरून मोकळे होतात. सर्वांत जास्त चुका इथंच होतात. तो आकडा कमाल दाबाचा आहे. टायरवर त्याचं पूर्ण ओझं असेल तेव्हा एवढी हवा, आणि याच्या वर कधीही नाही, इतकाच त्याचा अर्थ. तुमच्या गाडीला किती हवा हवी, हे टायर बनवणाऱ्याला कसं कळणार? गाडी त्यानं पाहिलेलीच नाही.

मग गाडीच्या पुस्तिकेतला आकडा? तो खरा, पण कारखान्यातून गाडीसोबत आलेल्या टायरांसाठी. साध्या गोल्फ कार्टला बहुधा १८×८.५०-८ मापाचे (उंची, रुंदी आणि रिम, इंचांत) टायर असतात आणि त्यांना साधारण १८ ते २२ पीएसआय सांगितलेले असतात. गाडी उंच करून त्यावर २२×११-१० चे जाड टायर चढवले की तो आकडा जुना झाला. मोठ्या टायरमध्ये हवेचं आकारमान जास्त, त्यामुळे तेवढंच ओझं तो कमी दाबावर पेलतो. जुन्या सवयीनं त्यात बावीस भरले, तर टायर फक्त मधल्या पट्टीवर चालतो, प्रत्येक दगड कमरेपर्यंत पोचतो आणि विकत घेतलेली रुंदी हवेत लटकत राहते. नव्या टायरच्या कंपनीचा ओझं आणि दाब यांचा तक्ता मिळत असेल, तर तो जरूर मागून घ्यावा. त्यात दिलेल्या किमान दाबाच्या खाली जायचं नाही.

ओझ्याचाही हिशेब नीट मांडायला हवा. शिसं आणि आम्लाच्या सहा बॅटऱ्या असलेल्या गाडीत नुसत्या बॅटऱ्याच दीडशे किलोंच्या वर जातात. त्या काढून लिथियमचा संच बसवला की सहसा शंभरेक किलो वजन उतरतं. हवा मात्र कुणी बदलत नाही, आणि मग गाडी अचानक दणके का द्यायला लागली, याचा शोध सस्पेन्शनमध्ये सुरू होतो. उलटा प्रकार मागच्या सीटचा. तिथं बसलेली दोन माणसं मागच्या आसाच्याही मागे असतात. मागच्या चाकांवर ओझं वाढतं आणि पुढची चाकं हलकी होतात. चढावर तर स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. अशा वेळी मागे दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावेत. एकट्यानं, रिकाम्या गाडीतून जायचं असेल, तर पुढे मागच्यापेक्षा एखाददुसरा पीएसआय कमी चालतो. डाव्या-उजव्या चाकांत मात्र फरक नको, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

(दृश्य: एकामागून एक जमिनी. डांबर, खडी, मुळं, चिखल, वाळू.)

आकडे मी सांगतो, पण ते सुरुवातीचे आकडे समजा. चार प्लायचे (प्लाय म्हणजे रबरातला धाग्यांचा थर), जाड, ऑफ-रोड टायर आणि दोन माणसं, असं धरून.

पक्का रस्ता: १८ ते २०. इथं चर्चेचं काही नाही. बॅटरी जास्त पुरते, गाडी वळणावर झोल खात नाही.

खडीचा किंवा दाबलेल्या मातीचा रस्ता: १४ ते १६. टायर बारीक दगड स्वतःत दाबून घेतो आणि चाक उडत नाही.

वाळू: ८ ते १०. कोरडी वाळू जितकी बारीक, तितकं खालच्या आकड्याकडे. ओली, बसलेली वाळू बरीच दयाळू असते, तिथं बारा-तेरालाही चालून जातं.

चिखलाच्या बाबतीत लोकांचं एकमत होत नाही, आणि त्याला कारण आहे. चिखल दोन जातींचा असतो. वर निसरडा थर आणि चार बोटांखाली कठीण जमीन असेल, तर चाकाला तो थर कापून खाली पोचायला हवं. तिथं हवा फार कमी केली, तर गाडी वरच्या थरावरच घसरत राहते. तिथं १४ ठीक. तळ लागतच नाही अशा चिखलात मात्र वाळूसारखंच, वर तरंगत जाणं बरं. तिथं दहापर्यंत उतरावं. म्हणून आत शिरण्याआधी उतरून एक काठी खुपसून पाहावी. मी हे सोडून पुढे गेलो, त्या प्रत्येक वेळी चिखलातून चालत परतलोय.

आणि मोठे दगड, मुळं. वाळूत आठवर मजेत चाललेली गाडी तशीच दगडांवर घेऊन जाऊ नका. टायर दगड आणि रिम यांच्यात चिमटला जातो, भिंतीला चीर पडते आणि रिम वाकते. टायरच्या भिंतीची चीर पॅच मारून भरवशाची होत नाही. १२ च्या खाली जाऊ नये, आणि गाडी माणसाच्या चालीनं न्यावी.

(दृश्य: आडवा उतार. गाडी कलली आहे. खालच्या बाजूचा टायर फुगून दबलेला.)

कमी हवेचा सर्वांत मोठा धोका हा इथं आहे. टायरची कड, जिला बीड म्हणतात, रिमवर घट्ट बसते ती हवेच्या दाबानं. हवा कमी असताना जोरात वळण घेतलं, तर ती कड रिमवरून सुटते आणि उरलेली हवा एका क्षणात जाते. आडव्या उतारावर आणखी एक गोष्ट घडते. गाडीचं ओझं खालच्या चाकांवर सरकतं, ती चाकं जास्त दबतात, त्यामुळे गाडी आणखी कलते. उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. म्हणून आडवा उतार येणार असेल, तर वाळूचा दाब ठेवून त्यावर जाऊ नका. फेरा पडला तरी सरळ उताराची वाट घ्या. इथं मी कुणाशी वाद घालत नाही. अशा गाडीला डोक्यावर पक्का सांगाडा नसतो आणि अनेक गाड्यांत पट्टेही नसतात.

(दृश्य: दोन गेज शेजारी शेजारी. एकाचा काटा शंभरपर्यंत, दुसऱ्याचा तीसपर्यंत.)

आता मोजणं. मोटारगाडीचं गेज शंभर पीएसआयपर्यंतचं असेल आणि त्यात पूर्ण मापाच्या दोन-तीन टक्क्यांची चूक असेल, तर ती दोन-तीन पीएसआयची चूक झाली. बत्तीसवर चालणाऱ्या मोटारीला ती खपते. आपल्या नऊ-दहाच्या टायरला नाही. म्हणून शून्य ते तीसवालं, कमी दाबाचं गेज घ्यावं आणि नेहमी तेच वापरावं.

हवा मोजायची ती गाडी निघण्याआधी, टायर थंड आणि सावलीत असताना. पंधराच्या आसपासच्या टायरमध्ये तापमान दहा अंश सेल्सिअसनं वाढलं की दाब साधारण एक पीएसआयनं वाढतो. पहाटे बरोबर भरलेला टायर दुपारी जास्त दाखवेल. तेव्हा हवा सोडायची नाही, तो आकडा गरम टायरचा आहे.

टायर बरोबर भरलाय का, हे टायरलाच विचारता येतं. नक्षीवर आडवी, जाड खडूची रेघ ओढा आणि कठीण सपाट जमिनीवर दहा-बारा मीटर सरळ जा. रेघ मधेच पुसली गेली असेल तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. ही परीक्षा कठीण जमिनीची, वाळूचा दाब तिनं ठरवू नका. मग पंधरा मिनिटं चालवून टायरच्या भिंतीला तळहात लावा. कोमट लागली तर ठीक. चटका बसत असेल, तर त्या वेगाला आणि ओझ्याला हवा कमी पडतेय. प्रत्येक फेऱ्यात भिंत वाकते आणि सरळ होते, आणि ती उष्णता आतून रबर आणि धागे सैल करत जाते. बाहेरून काही दिसत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. वाळू संपते, डांबर सुरू होतं. गाडी कडेला थांबते. सीटखालून हातपंप निघतो.)

मऊ टायरांवर डांबरावरून वेगानं जायचं नाही. म्हणून इथं थांबायचं, आणि म्हणूनच पंप सोबत नसेल तर हवा सोडायचीच नाही. हे टायर आकारानं लहान, त्यात हवा भराभर चढते. जोराच्या नळीनं दाब कधी पुढे गेला ते कळतही नाही. हातपंप किंवा छोटा बॅटरीवरचा पंप बरा.

पहिलं चाक, अठरा. दुसरं, अठरा. टोपण लावताना आतली वाळू फुंकरून काढायची, नाहीतर एखादा कण व्हॉल्व्हमध्ये अडकून रात्रभर हवा सोडत राहतो. तिसरं, अठरा. चौथ्यावर काटा साडेसतराला थांबलाय.

आणखी चार झटके.