रादोमचं पिस्तूल

[दृश्य: टेबलावर सुती कपडा. त्यावर तपकिरी चामड्याचं होल्स्टर.]

होल्स्टर उघडलं की आधी वास येतो, जुन्या चामड्याचा आणि ग्रीसचा. आत पिस्तूल, शेजारी काडतुसं भरायचं एक जादा मॅगझिन आणि नळी साफ करायचा बारीक गज. पोलंडच्या एका शिपायाला जसं मिळालं असेल तसंच, पूर्ण.

हे पी-६४, पोलंडमधल्या रादोम शहरात बनलेलं. लांबी सुमारे १६ सेंटीमीटर, रिकाम्याचं वजन सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. अमेरिकेत, ओहायोतल्या एका दुकानातून मी ते दोनशे डॉलरच्या आत घेतलं. फॉर्म भरला, तपासणी झाली आणि डबा हातात आला. साताऱ्याला फोनवर सांगितलं तर बाबांना खरंच वाटेना. आपल्याकडे ९ एमएम साध्या परवान्यावर मिळत नाही.

[दृश्य: कपड्यावर शेजारी शेजारी दोन काडतुसं.]

हे ९ एमएम मात्र वेगळं. डावीकडचं काडतूस जगभर चालणारं, त्याचं धातूचं कवच १९ मिलिमीटर लांब. उजवीकडचं मकारोव्ह या सोव्हिएत पिस्तुलाचं, १८ मिलिमीटर; पी-६४ला हेच लागतं. त्याची गोळी किंचित जाडसुद्धा आहे. नाव सारखं आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं घालायचं नाही. नव्या माणसाला मी हे सगळ्यात आधी सांगतो.

दुसरी गोष्ट ग्रीसची. वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेल्या पिस्तुलात ग्रीस घट्ट होतं. काडतुसाला टोचून उडवणाऱ्या फायरिंग पिनच्या खाचेत ते साठलं तर पिन पुढे अडकून बसू शकते, आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मिटताच गोळी सुटू शकते. म्हणून रेंजवर जाण्याआधी एक अख्खी संध्याकाळ सफाईला दिली. काळपट चिकटा निघतच होता.

[दृश्य: रेंज. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा. मॅगझिनमध्ये सहा काडतुसं.]

पहिल्या गोळीला ट्रिगर इतका जड लागतो की बोट थरथरतं आणि नेम खाली जातो. बरेच जण हॅमरची, म्हणजे पिनवर आदळणाऱ्या घोड्याची, स्प्रिंग बदलून घेतात. मी बदललेली नाही. ती होती तशी असावी असं मला मनापासून वाटतं. पहिली गोळी सुटली की हॅमर मागेच राहतो, आणि पुढच्या पाच हलक्या हाताने जातात.

पण धक्का! या पिस्तुलात नळी फ्रेममध्ये पक्की बसवलेली आहे, गोळी सुटताना स्लाइड अडवून धरणारं कुलूप असं काही नाही. स्लाइडचं वजन आणि नळीभोवतीची स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा दाब थोपवला जातो. त्यामुळे उरलेला झटका सरळ तळव्यात उतरतो. तिसऱ्या मॅगझिननंतर अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला. हे पिस्तूल कमरेला बाळगण्यासाठी बनलं होतं, दिवसभर झाडण्यासाठी नाही.

[दृश्य: स्लाइडची डावी बाजू, अगदी जवळून.]

इथे बघा. लंबवर्तुळात ११ हा आकडा. ही रादोमच्या कारखान्याची खूण. शेजारी साल, १९७४.

दोन वर्षांनी, २५ जून १९७६ ला, याच कारखान्याचे कामगार काम टाकून रस्त्यावर आले. सरकारने एका रात्रीत खाद्यपदार्थांच्या भाववाढीची घोषणा केली होती, मांस आणि साखर तर फारच महाग होणार होती. बाकीच्या कारखान्यांतले लोक येऊन मिळाले, मोर्चा सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयावर गेला, आणि दुपारी ती इमारत जळत होती. सरकारने भाववाढ मागे घेतली, पण पकडलेल्या कामगारांना मिलिशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या पोलंडच्या पोलिसांच्या, दोन रांगांमधून पळवत दंडुक्यांनी मारलं. त्याला पोलिसांनी नाव दिलं होतं 'आरोग्याची वाट'. आणि हे पी-६४ त्या मिलिशियाचंही पिस्तूल होतं.

हे वाचल्यापासून मला याला 'स्वस्तातलं सरप्लस', म्हणजे नको म्हणून विकून टाकलेलं जुनं हत्यार, म्हणवत नाही.

[दृश्य: स्लाइड काढून उलटी धरलेली. खिडकीतला उजेड.]

बाहेरून पॉलिश आहे. आत मात्र कटरचे बारीक समांतर ओरखडे अजून तसेच दिसतात. मी तिथे तेलाचा एक थेंब सोडतो, बोटाने पसरतो, आणि स्लाइड परत चढवतो.