होकायंत्र चुकलं तरी कोन बरोबर

मित्रहो, जमीन मोजायची म्हटलं की आपल्याला आधी टेप आठवते. आपल्याकडची जुनी मोजणी खरोखरच लांबीवर उभी होती. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटी, १६ आण्यांची, म्हणजे १६ सारख्या भागांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. कोन लागायचा तो एकच, काटकोन, आणि तो शंकूने, म्हणजे काटकोन दाखवणाऱ्या साध्या साधनाने काढायचा. मोजणीचं जुनं टिपण उघडलंत तर आधाररेषा आणि तिच्यावर टाकलेले लंब दिसतील, अंश-मिनिटं नाहीत (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). सपाट शेताला तेवढं पुरतं. घाटरस्ता किंवा नदीचं वळण आलं की लंब टाकत बसता येत नाही. तिथे दिशा मोजावी लागते, म्हणजेच बेअरिंग घ्यावं लागतं: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने त्या रेषेपर्यंतचा कोन.

त्यासाठीचं सोपं यंत्र म्हणजे प्रिझमॅटिक होकायंत्र. त्याची तबकडी पहिल्यांदा बघणारा हमखास चक्रावतो. शून्य दक्षिणेला, १८० उत्तरेला, आणि अंक उलटे! कारण असं, की उत्तरेकडच्या काठीवर नेम धरला की डोळ्याजवळचं प्रिझम तबकडीच्या दक्षिण टोकावर येतं. वाचायचं तिथलं, म्हणून शून्य तिथे. प्रिझममधून सुलटे दिसावेत म्हणून अंक उलटे छापलेले. वाचन मिळतं अर्ध्या अंशापर्यंत. अर्धा अंश म्हणजे १०० मीटरवर सुमारे ८७ सेंटिमीटर. बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात ते याहून कमी जागेसाठी!

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाच्या आतच आहे, त्याची मला फार चिंता नाही. चिंता आहे लोकल अट्रॅक्शनची, म्हणजे जवळपासच्या वस्तूंनी सुई ओढण्याची. जवळ विजेची तार, रेल्वेचा रूळ, साधं लोखंडी फाटक असलं तरी सुई ढळते. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि डोंगरमाथ्यावर जिथे वीज पडलेली असते तिथला खडक तर सुईला सरळ भरकटवतो. बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. सुई शांतपणे थांबते आणि चुकीचा आकडा दाखवते.

मग पकडायचं कसं? प्रत्येक रेषा दोन्ही टोकांवरून वाचायची. समजा क वरून ख चं बेअरिंग आलं ६४ अंश ३० मिनिटं, आणि ख वरून क चं २४४ अंश ३० मिनिटं. फरक बरोबर १८०, म्हणजे दोन्ही ठिकाणं स्वच्छ धरायची. पुढे ख वरून ग वाचलं ११२ अंश ३० मिनिटं. ग वरून उलट वाचलं तर २९० अंश ३० मिनिटं. यायला हवं होतं २९२ अंश ३० मिनिटं. ख स्वच्छ आहे, तेव्हा दोष ग चा, दोन अंशांचा. त्याच ग वरून घ चं बेअरिंग १७२ आलं असेल, तर ते १७४ लिहायचं.

आता खरी गंमत बघा. ग वरचा ख आणि घ यांच्यामधला कोन काढा. चुकीच्या आकड्यांवरून: २९० अंश ३० मिनिटं वजा १७२, म्हणजे ११८ अंश ३० मिनिटं. सुधारलेल्या आकड्यांवरून: २९२ अंश ३० मिनिटं वजा १७४. तेवढाच! एका जागी सुई ढळली की तिथली सगळी वाचनं सारखीच ढळतात, त्यामुळे वजाबाकीत चूक उडून जाते. बेअरिंग उत्तरेच्या भरवशावर असतं, कोनाला उत्तर लागत नाही.

थिओडोलाइट, म्हणजे गोल फिरणारी दुर्बीण आणि अंशांचं वर्तुळ असलेलं यंत्र, नेमका हाच कोन मोजतो. त्याच्या स्वतःच्या खोडी असतातच, म्हणून यंत्राचं उभं वर्तुळ एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ठेवून, म्हणजे फेस लेफ्ट आणि फेस राइट, अशी दोन वाचनं घेऊन सरासरी काढायची. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आपटला, वर्तुळच वाकलं. दुसरा कोणी असता तर काम बंद केलं असतं. लॅम्ब्टनने आठवडेच्या आठवडे तंबूत बसून ते स्वतः ठोकून सरळ केलं. हा माणूस १८२३ मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच.

हल्लीचं टोटल स्टेशन, म्हणजे अंतरही मोजणारा इलेक्ट्रॉनिक थिओडोलाइट, कोन सेकंदांपर्यंत वाचतं (सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग), पण पडताळा लागतोच. पाच बाजूंच्या ट्रॅव्हर्सच्या, म्हणजे मोजलेल्या रेषा जोडून बनलेल्या बंद आकृतीच्या, आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश यायला हवी. वीस सेकंदांपर्यंत वाचणाऱ्या थिओडोलाइटला पाच कोनांत साधारण पाऊण मिनिटाची सूट देतात: वीस गुणिले पाचाचं वर्गमूळ. तेवढी चूक कोनांवर वाटून टाका. पाच मिनिटांची आली तर मात्र पुन्हा शेतात जायचं; टेबलावर बसून आकडे जुळवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या नकाशावर विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत जाते.

बाहेर मैदानात चार काठ्या रोवून ठेवल्यात. तिघातिघांचे गट करा, प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी वाचा. मोबाइल आणि किल्ल्या मात्र इथेच टेबलावर ठेवून जा.