झुंबर, तार आणि जिझेल: हवानाचं थोरलं थिएटर

[दृश्य: पार्के सेन्त्रालच्या बाकावरून समोरची इमारत]

क्युबाची राजधानी हवाना. तिथल्या पार्के सेन्त्राल या मधल्या बागेत बाकावर बसलं की समोर दिसतं ते ग्रान तेआत्रो दे ला अबाना. हवानाचं थोरलं थिएटर. रस्त्यावर भाड्याच्या गुलाबी, पोपटी मोटारी उभ्या असतात आणि कॅमेरा सारखा तिकडे वळायला बघतो. त्याला आवरू आणि वर पाहू. कमानी, सज्जे, मनोरे, पंखवाल्या मूर्ती... शिल्पकारांना "आता पुरे" म्हणायला कुणी धजावलेलं दिसत नाही.

संगमरवरी शिल्पसमूह चार आहेत, जुझेप्पे मोरेत्तीचे. संगीत आणि नाट्य, हे दोन ठीकच. पण उरलेले दोन आहेत दानधर्म आणि शिक्षण. थिएटरवर त्यांचं काय काम?

काम आहे, कारण हा महाल बांधला तो सेन्त्रो गालेगोनं. स्पेनच्या गालिसिया प्रांतातून पोटापाण्यासाठी क्युबात आलेल्या लोकांचं हे मंडळ. सभासदांसाठी शाळा चालवायचं, हॉस्पिटल चालवायचं. बेल्जियन वास्तुविशारद पाउल बेलाऊकडून मंडळानं हा महाल उभा करून घेतला, १९१५ साली तो खुला झाला. मात्र जागा मोकळी नव्हती. तिथे आधीपासून एक थिएटर होतं. ते महालानं पोटात घेतलं.

[दृश्य: जुनी चित्रं, तेआत्रो ताकोन]

ते तेआत्रो ताकोन, १८३८ सालचं. नाव गव्हर्नर मिगेल ताकोनचं, पैसा फ्रान्सिस्को मार्तीचा. मार्तीकडे शहरातल्या मासळीचा मक्ता होता, गुलामांच्या व्यापारातही त्याचा हात होता. बांधकामाला गव्हर्नरनं तुरुंगातले कैदी दिले. झुंबराखाली बसलेल्या मंडळींना यातलं काही आठवत असेल असं वाटत नाही. आणि झुंबर तर असं, की गावात त्याच्यावर कडवं झालं: हवानात थक्क व्हावं अशा तीनच गोष्टी, मोरोचा किल्ला, कबान्याचा किल्ला आणि ताकोनचं झुंबर. स्पॅनिशमध्ये झुंबराला 'आरान्या' म्हणतात. आरान्या म्हणजे कोळी. छताला लटकलेला काचेचा कोळी!

[दृश्य: रंगमंचामागचा अंधार, दोर, तारा]

याच थिएटरात पडद्यामागे इटलीहून आलेला अंतोनिओ मेउच्ची कामाला होता. रंगमंचाची यंत्रं त्याच्याकडे. विजेचे झटके देऊन दुखणी बरी करण्याचाही त्याला नाद. १८४९ साली एका रोग्याला तारेनं जोडून मेउच्ची स्वतः लांबच्या खोलीत बसला. झटका बसला, रोगी ओरडला, आणि ती आरोळी तारेतून आपल्या कानी आली, असं त्यानं पुढे सांगितलं. ग्रॅहम बेलच्या पेटंटला अजून २७ वर्षं होती. टेलिफोन पहिला कुणाचा, हा वाद इटालियन माणसासमोर न काढलेलाच बरा.

त्याच १८४९ साली इथे 'जिझेल' हे बॅले सादर झालं.

[दृश्य: रिकामं प्रेक्षागृह, मग रंगमंच]

आजच्या प्रेक्षागृहाला स्पॅनिश कवी गार्सिया लोर्काचं नाव आहे. २०१६च्या मार्चमध्ये इथूनच बराक ओबामांनी क्युबाच्या जनतेपुढे भाषण केलं, क्युबाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष राऊल कास्त्रो वर सज्जात बसून ऐकत होते. इमारतीला मात्र त्याआधीच, २०१५ साली, एका नर्तिकेचं नाव मिळालं होतं. अलिसिया अलोन्सो.

ती हवानाचीच. विशीत डोळ्यांचे पडदे सुटले. शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा, मान हलवायची नाही. जवळजवळ वर्षभर ती पडून होती. नवरा फेर्नांदो तिच्या हातावर बोटांनी पदन्यास वाजवून दाखवायचा. त्या पलंगावर ती जिझेल शिकली, पाय न हलवता. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला 'जिझेल'ची मुख्य नर्तिका आजारी पडली आणि तिच्या जागी अलिसिया उभी राहिली. १९४८ साली तिनं क्युबात स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे बालेत नासिओनाल दे कुबा झाली.

नजर पूर्ण कधीच परत आली नाही. म्हणून रंगमंचावर तिच्यासाठी वेगवेगळ्या रंगांचे प्रखर दिवे लावत. अमुक उजेडात पाय पडला, म्हणजे पुढे वाद्यवृंदाचा खड्डा. सोबतचा नर्तक ठरल्या जागी हवा म्हणजे हवाच, वीतभरही इकडेतिकडे नाही. आणि रंगमंचाच्या कडेला, कमरेच्या उंचीवर, एक बारीक तार ताणलेली असे.

सत्तरी उलटली तरी ती नाचत होती.